हेलिकॉप्टरच्या ड्राइव्ह सिस्टीममध्ये शोध लावण्यासारखं काय उरलंय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याला हेलिकॉप्टरच्या ड्राइव्ह सिस्टीमवर, म्हणजे इंजिनाची शक्ती रोटरपर्यंत (फिरत्या पात्यांपर्यंत) नेणाऱ्या यंत्रणेवर, प्रोजेक्ट करायचा आहे. पेटंट चाळली तर सगळीकडे गिअर, शाफ्ट, क्लच, म्हणजे सगळं जुनंच. मग यात नवं करण्यासारखं खरंच काही उरलंय का, आणि इलेक्ट्रिक मोटर आली की हा विषयच निकालात निघेल का?

माझी नोकरी गिअरबॉक्स उघडण्यात, तपासण्यात आणि परत बांधण्यात गेली, त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूला थोडं झुकलेलं असणार. उरलंय भरपूर, पण तुम्ही शोधताय तिथे नाही. गिअरची नवी मांडणी काढून फारसं हाती लागत नाही. या क्षेत्रातले कामाचे शोध बहुतेक एकाच प्रश्नाभोवती फिरतात: एखादा भाग निकामी व्हायला लागला तर ते वैमानिकाला कधी कळणार, आणि कळल्यावर त्याच्या हातात किती मिनिटं असणार?

कारण सरळ आहे. मोठ्या हेलिकॉप्टरला इंजिनं बहुधा दोन असतात, कधी तीन. हायड्रॉलिक पंप दोन असतात. मुख्य गिअरबॉक्स मात्र एकच, आणि ज्या मास्टला, म्हणजे रोटरच्या उभ्या शाफ्टला, अख्खं यंत्र टांगलेलं असतं तो मास्टही एकच. तिथे दुसरा पर्याय बसवायला जागाच नाही.

आधी आकडे बघू, म्हणजे गिअरबॉक्स एवढा अवजड का असतो ते कळेल. ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरचं टी-७०० इंजिन गिअरबॉक्सला मिनिटाला सुमारे २०,९०० फेऱ्यांनी शक्ती देतं आणि मुख्य रोटर फिरतो २५८ फेऱ्यांनी. म्हणजे साधारण ८१ ला १. समजा २,००० किलोवॉट पुढे जातायत. इंजिनाच्या बाजूला टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, येतो सुमारे ९१४ न्यूटन-मीटर. रोटरच्या बाजूला तोच होतो ७४,००० न्यूटन-मीटर. शक्ती तीच, पण गिअरचे दाते किती रुंद आणि शाफ्ट किती जाड हवा हे टॉर्क ठरवतो. म्हणून गिअरबॉक्सचं बहुतेक वजन शेवटच्या टप्प्यात साठलेलं असतं. विद्यार्थी हुशारी दाखवतात पहिल्या टप्प्यात, कारण तिथे वेग जास्त असतो आणि ते रोमांचक वाटतं. तिथे वाचवून वाचवून किती वाचवाल?

रोटर इतका सावकाश का फिरवायचा, हेही बघा. ब्लॅक हॉकच्या रोटरचा व्यास १६.३६ मीटर, त्यामुळे २५८ फेऱ्यांना पात्याच्या टोकाचा वेग येतो सेकंदाला २२१ मीटर. रशियाच्या मि-२६ चा रोटर ३२ मीटरचा, फेऱ्या १३२. टोकाचा वेग काढा: तोही २२१. हा योगायोग नाही. पुढे उडताना यंत्राचा वेग त्यात मिळवला जातो आणि पुढे जाणाऱ्या पात्याचं टोक ध्वनीच्या वेगाजवळ पोचतं, त्यापलीकडे जाता येत नाही. म्हणजे हेलिकॉप्टर मोठं केलं की रोटर आणखी सावकाश फिरवावा लागतो आणि टॉर्क शक्तीपेक्षाही वेगाने वाढतो. मि-२६ च्या गिअरबॉक्समध्ये नेहमीची प्लॅनेटरी रचना सोडून शक्ती अनेक वाटांनी विभागून शेवटी एका मोठ्या गिअरवर एकत्र आणली, ती याच दडपणामुळे.

आता शोधांकडे येऊ. सगळ्यांत कमी कौतुक होणारा आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा शोध म्हणजे फ्रीव्हील युनिट. तत्त्व सायकलच्या फ्रीव्हीलचंच: पायडल थांबलं तरी चाक फिरत राहतं. इंजिन बंद पडलं की इंजिनाचा शाफ्ट मंदावतो, फ्रीव्हील सुटतं आणि खाली येताना वाहणाऱ्या हवेवर रोटर फिरत राहतो. यालाच ऑटोरोटेशन म्हणतात. गंमत फ्रीव्हील कुठे बसवलंय यात आहे. ते इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये असतं. गिअरबॉक्स आणि रोटर यांच्या मध्ये नाही. त्यामुळे इंजिन मेलं तरी मुख्य रोटरच उलट गिअरबॉक्सला फिरवतो, गिअरबॉक्स शेपटीच्या रोटरला आणि तेलाच्या पंपाला फिरवतो. तोच क्लच दुसऱ्या जागी बसवला असता तर पाती फिरत राहिली असती आणि दिशेवरचा ताबा सुटला असता. रॉबिन्सन आर-२२ सारख्या छोट्या यंत्रात इंजिनापासून वर शक्ती नेतात चक्क दोन दुहेरी व्ही-बेल्ट, आणि फ्रीव्हील बसवलंय वरच्या पुलीत. साधं, स्वस्त आणि अक्कलहुशारीचं काम.

आपल्याकडच्या चेतक हेलिकॉप्टरमध्ये आणखी एक भाग लागतो. त्याचं आर्टूस्ट इंजिन एकाच शाफ्टचं आहे. रोटर फिरवणारी पॉवर टर्बाइन वेगळी नाही. रोटरचा भार घेऊन ते चालूच होणार नाही, म्हणून फ्रीव्हीलबरोबर सेंट्रिफ्युगल क्लच, म्हणजे वेग वाढला की आपोआप पकडणारा. नंतर फ्री टर्बाइनची, म्हणजे वेगळ्या पॉवर टर्बाइनची, इंजिनं आली आणि तो क्लच गेला. एखादा भाग लागूच नये अशी व्यवस्था करणं हाही शोधच असतो.

फ्रीव्हीलमध्ये बहुतेक स्प्रॅग क्लच असतो. आतल्या आणि बाहेरच्या रिंगमध्ये लहान लहान पोलादी तुकडे तिरके उभे असतात. एका दिशेला ते पाचरीसारखे घट्ट बसतात, दुसऱ्या दिशेला घसरतात. पण झिजले की भाराखाली क्षणभर घसरून परत दणक्याने पकडतात. व्ही-२२ ऑस्प्रे या टिल्टरोटरमध्ये (रोटर पुढे कलवून विमानासारखं उडणाऱ्या यंत्रात) नेमका हाच प्रकार पुन्हा पुन्हा घडला. ८ जून २०२२ ला कॅलिफोर्नियात असाच दणका दोन्ही बाजूंना बसून यंत्र कोसळलं आणि पाच मरीन सैनिक गेले. त्यानंतर क्लचसह तो अख्खा इनपुट भाग ठरावीक तासांनी बदलायचं ठरलं. चालत्या यंत्रात स्प्रॅग किती झिजलाय हे न उघडता सांगणारं साधन कुणी दिलं, तर त्याला मी शोध म्हणेन.

आता प्लॅनेटरी गिअर. यावर जास्त वेळ घालवतो, कारण सगळा धडा इथेच आहे.

मधे सन गिअर, भोवती प्लॅनेट गिअर, बाहेर स्थिर रिंग गिअर, आणि प्लॅनेटना धरणारा कॅरिअर रोटरला जोडलेला. भार अनेक प्लॅनेटमध्ये वाटला जातो, म्हणून थोड्या जागेत खूप टॉर्क मावतो. वजन आणखी कमी करायला एक देखणी युक्ती निघाली: प्लॅनेट गिअरच्या आत बेअरिंगची बाहेरची रेस (रोलर ज्यावरून फिरतात ती रिंग) वेगळी बसवायचीच नाही, गिअरच्या आतल्या पृष्ठभागालाच रेस करायची. एक भाग कमी, एक सांधा कमी, रेस आत सरकण्याची भीती नाही. कागदावर दोष काढायला जागा नाही.

२९ एप्रिल २०१६ ला नॉर्वेत ट्यूरॉय बेटाजवळ ईसी-२२५ सुपर प्युमा हेलिकॉप्टरचा मुख्य रोटर उडतानाच सुटून वेगळा झाला. तेरा माणसं गेली. तपासात निघालं की दुसऱ्या टप्प्यातल्या एका प्लॅनेट गिअरला थकव्याची, म्हणजे वारंवारच्या भाराने आलेली, चीर होती. ती सुरू झाली बेअरिंगच्या रेसवरच्या अगदी बारीक खड्ड्यापासून, आणि पृष्ठभागाखालून दात्यांच्या दिशेने गेली. वेगळी रेस असती तर चीर रेसमध्येच राहिली असती. रेस आणि गिअर एकच तुकडा असल्याने तिला अडवायला सांधाच नव्हता. त्याहून वाईट म्हणजे ती आतून वाढल्यामुळे धातूचे कण फारच थोडे सुटले आणि चिप डिटेक्टरचा, म्हणजे तेलातले असे कण पकडणाऱ्या साधनाचा, दिवा लागलाच नाही. नंतर ज्या प्रकारच्या प्लॅनेट गिअरमध्ये रेसवरचा ताण जास्त होता, तो वापरातून काढला.

त्याआधी सात वर्षं, १ एप्रिल २००९ ला, स्कॉटलंडच्या किनाऱ्याबाहेर त्याच कुळातल्या एएस-३३२ एल-२ चा प्लॅनेट गिअर असाच फुटून सोळा जण गेले होते. तिथे निदान एक खूण मिळाली होती: अपघातापूर्वी २५ मार्चला चिप डिटेक्टरवर एक कण सापडला होता. पण तो नेमका कशाचा आणि पुढे काय तपासायचं यावरच्या बोलण्यात गोंधळ झाला आणि प्लॅनेटरी मॉड्युल उघडलं गेलं नाही. शिवाय मॉड्युलखालच्या तेल वेगळं करणाऱ्या पत्र्यांवर कण धरून ठेवायला चुंबक बसवले होते. हेतू चांगला, पण त्यांनी कण वरच अडवले आणि खालच्या डिटेक्टरपर्यंत जाऊ दिले नाहीत. ते चुंबक नंतर काढून टाकले. डिझाइनरने दिलेलं संरक्षणच इशाऱ्याच्या आड आलं. प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत गिअरचा इतिहास लिहिण्यापेक्षा हे दोन तपास अहवाल मुळातून वाचा.

चिप डिटेक्टर हातात घेऊन बघितला नसेल तर सांगतो. तेलाच्या वाटेत बसवलेला अंगठ्याएवढा चुंबकी प्लग. टोकाला दोन धातूंच्या मध्ये बारीक फट. कण फटीत अडकला की सर्किट जुळतं आणि कॉकपिटमध्ये दिवा लागतो. प्लग बाहेर काढला की बहुतेक वेळा काळपट, केसाळ गाळ दिसतो. ती नेहमीची झीज. त्याला आम्ही फझ म्हणतो. काही यंत्रांत विजेचा छोटा झटका देऊन फझ जाळून टाकायची सोय असते. पण गाळ सॉल्व्हंटने धुऊन पांढऱ्या फिल्टर पेपरवर पसरला आणि भिंगाखाली एखादा सपाट तुकडा दिसला, एक बाजू घासून आरशासारखी चकचकीत आणि दुसरी खरखरीत, तर हात थांबतो. तो बेअरिंगच्या रेसवरून सुटलेला पापुद्रा असतो. चकचकीत बाजूवरून रोलर गेलेले असतात. त्याची लांबी मोजायची, मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडायची, धातू कोणता ते ठरवायचं, मग पुढचा निर्णय. हा निर्णय अजूनही बराचसा माणसाच्या डोळ्यावर उभा आहे. २९ नोव्हेंबर २०२३ ला जपानच्या याकुशिमाजवळ पडलेल्या सीव्ही-२२ ऑस्प्रेमध्ये आठ जण गेले. तिथे कण जाळल्याच्या सूचना उड्डाणात पुन्हा पुन्हा येत होत्या आणि प्रॉपरोटर गिअरबॉक्समधला एक पिनिअन फुटत होता. दिवा लागतो, पण तो पुढच्या अर्ध्या तासाबद्दल काही सांगत नाही. तेलातला प्रत्येक कण उडतानाच मोजून त्याचा आकार आणि वाढीचा वेग सांगणारे सेन्सर आहेत. वैमानिकाला त्यावरून नेमका निर्णय देणारी पद्धत मात्र अजून कच्ची आहे.

कंपनं मोजून चीर ओळखता येत नाही का? येते, आणि उत्तर समुद्रात १९९० च्या दशकापासून ही यंत्रणा बसवली जाते. त्यामागेही अपघात आहे: १९८६ मध्ये शेटलंडजवळ चिनूकच्या पुढच्या गिअरबॉक्सची बेव्हल रिंग गिअर थकव्याने फुटली, दोन्ही रोटरचा ताळमेळ सुटून पाती एकमेकांवर आदळली आणि ४५ जण गेले. शाफ्ट आणि साधे गिअर यांच्यासाठी कंपनांची पद्धत उत्तम चालते. प्लॅनेटसाठी तितकी नाही, कारण सेन्सर बाहेर आवरणावर आणि प्लॅनेट आत गोल फिरतायत; खूण सतत जवळ येते, लांब जाते, बाकीच्या प्लॅनेटच्या आवाजात मिसळते. फिरत्या कॅरिअरवरच सेन्सर बसवून बिनतारी माहिती बाहेर काढायची हा मार्ग लोक धुंडाळतायत. गरम तेलात, धातूच्या बंद पेटीत, वीज कुठून द्यायची इथपासून अडचणी आहेत. इलेक्ट्रॉनिक्सचा मित्र असेल तर हा प्रोजेक्ट दोघांनी मिळून करा.

दुसरी मोठी जागा म्हणजे तेल गेल्यावरची मिनिटं. मोठ्या हेलिकॉप्टरच्या नियमांत गिअरबॉक्सने तेल गेल्यावर ३० मिनिटं चालावं अशी अपेक्षा आहे, पण तेल जाण्याची शक्यता अत्यंत दुर्मीळ आहे असं दाखवता आलं तर त्यातून सुटकाही होती. सिकोर्स्की एस-९२ हेलिकॉप्टरच्या २००२ च्या चाचणीत गिअरबॉक्स साधारण अकरा मिनिटांत गेला. मग ऑइल कूलरच्या बाजूची गळती बंद करायला व्हॉल्व्ह दिला आणि बाकीच्या गळत्या अत्यंत दुर्मीळ ठरवल्या गेल्या. १२ मार्च २००९ ला न्यूफाउंडलंडजवळ तेलाच्या फिल्टरचं भांडं धरणाऱ्या तीन टायटॅनियम स्टडपैकी दोन तुटले, तेल गेलं, आणि साधारण अकरा मिनिटांतच यंत्र समुद्रात आदळलं. अठरापैकी एक जण वाचला.

जुहूहून बॉम्बे हायला जाणाऱ्यांना यातला फरक लगेच कळेल. प्लॅटफॉर्म किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर. बरोबर मध्यावर तेल गेलं तर कुठल्याही बाजूला ८० किलोमीटर. ताशी २५० ने १९ मिनिटं. तीस मिनिटांत जमिनीवर, अकरा मिनिटांत अजून निम्म्या वाटेच्या थोडं पुढे.

तेल गेल्यावर आत काय होतं? तेलाचं मोठं काम घर्षण कमी करण्याइतकंच उष्णता वाहून नेण्याचं असतं. ते गेलं की गिअर आणि बेअरिंगची आतली रिंग आवरणापेक्षा लवकर तापून फुगतात. दात्यांमधली मोकळीक, म्हणजे बॅकलॅश, संपते. बेअरिंगमधली जागा संपते. मग घर्षण आणखी वाढतं आणि आणखी उष्णता. बहुतेक वेळा सर्वांत वेगाने फिरणारा भाग आधी जातो. म्हणून चांदीचा मुलामा दिलेले केज (रोलरना अंतरावर धरणारी जाळी), सिरॅमिक रोलर, मुद्दाम जास्त ठेवलेली मोकळीक, आणि मुख्य तेलापासून पूर्ण वेगळी छोटी आणीबाणीची तेलव्यवस्था, असे उपाय निघाले.

इथेही पुन्हा तोच इशाऱ्याचा प्रश्न. २०१२ मध्ये दोन ईसी-२२५ उत्तर समुद्रात उतरवावी लागली. तेलाचा मुख्य पंप आणि राखीव पंप दोन्ही एकाच उभ्या शाफ्टवरून फिरत होते. त्या शाफ्टला वेल्डजवळ चीर गेली आणि दोन्ही पंप एकदम थांबले. कागदावर दोन पंप, प्रत्यक्षात एकच शाफ्ट. मग आणीबाणीची व्यवस्था सुरू झाली, ग्लायकॉल आणि पाण्याचा फवारा मारू लागली, आणि ती चालतही होती. पण प्रेशर स्विचच्या घोळामुळे कॉकपिटमध्ये ती बंद पडल्याचा दिवा लागला. वैमानिकांनी नियमाप्रमाणे यंत्र पाण्यावर उतरवलं. सगळे वाचले.

टॉर्क विभागण्याची, म्हणजे स्प्लिट-टॉर्क रचना मघाशी मि-२६ मध्ये आली. अमेरिकेच्या सीएच-५३के हेलिकॉप्टरमध्येही तीच दिशा आहे, आणि अपाचे हेलिकॉप्टरच्या ई आवृत्तीत फेस गिअर (चकतीच्या तोंडावर दाते असलेले गिअर) वापरून ती केली. वाटा वाढल्या की प्रत्येक दात्यावरचा भार कमी. अडचण एकच, भार सारखा वाटला जात नाही. काही मायक्रॉनची चूक झाली की एक वाट निम्म्यापेक्षा खूप जास्त ओढते. उपाय म्हणून पिळाला लवचीक असलेले क्विल शाफ्ट घालतात किंवा दात्यांचा कोन बांधताना जुळवून घेतात. बांधणाऱ्याला हे खटाटोपाचं काम आहे. स्पायरल बेव्हल (शक्तीची दिशा वळवणारे वक्र दात्यांचे गिअर) जुळवताना आम्ही दात्यांना निळा रंग लावून हाताने फिरवतो आणि संपर्काचा ठसा बघतो. शिम, म्हणजे मधे घालायची पातळ चकती, शतांश मिलिमीटरने बदलला तरी ठसा सरकतो. तो ठसा मुद्दाम दात्याच्या आतल्या, अरुंद टोकाकडे ठेवायचा, कारण भार आला आणि मॅग्नेशियमचं आवरण वाकलं की तो बाहेर सरकतो. बिनभाराचा ठसा बरोबर मधोमध आला म्हणून खूश होणारा नवखा असतो.

रोटरच्या फेऱ्या उड्डाणात बदलण्याची कल्पना जुनी आणि आकर्षक आहे. बोइंगच्या ए-१६० या मानवरहित हेलिकॉप्टरने तशाच रोटरच्या जोरावर २००८ मध्ये इंधन न भरता १८.७ तासांचं उड्डाण केलं. पण प्रवासी यंत्रात दोन वेगांचा गिअरबॉक्स म्हणजे आणखी क्लच, आणि वर स्प्रॅगबद्दल काय लिहिलंय ते परत वाचा.

आता इलेक्ट्रिक. मोटरचं वजनही मुख्यतः टॉर्कवर ठरतं. ७४,००० न्यूटन-मीटर थेट देणारी मोटर इतकी जड होईल की लोक शेवटी वेगवान मोटर घेऊन खाली गिअरबॉक्सच लावतात. शेपटीकडे मात्र चित्र वेगळं आहे. तिथे टॉर्क कमी, आणि तिथपर्यंत जायला लांब शाफ्ट, अनेक हँगर बेअरिंग, एक-दोन गिअरबॉक्स. बेलने ४२९ हेलिकॉप्टरच्या शेपटीत चार विजेचे पंखे बसवून २०१९ पासून उडवून पाहिलं. तो सगळा शाफ्टच गेला, आणि एक पंखा गेला तरी बाकीचे उरतात. एकच एक भाग असण्याच्या दुखण्यावर हे खरं उत्तर आहे. अनेक छोट्या रोटरची इलेक्ट्रिक यंत्रंही टॉर्क वाटून घेतात, पण बहुतेकांची पाती स्थिर कोनाची, त्यामुळे ऑटोरोटेशन विसरा.

प्रोजेक्ट म्हणून माझी सूचना: स्क्रॅपमधून छोटा एकटप्पी स्पर गिअरबॉक्स घ्या, त्यावर ठरावीक भार ठेवा, तेल काढून घ्या आणि बंद पडेपर्यंतचं तापमान नोंदवा. बेअरिंगच्या बाहेरच्या रेसला आणि आवरणाला वेगवेगळी थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) लावा, कारण दोघांतला फरक हाच तुमचा खरा निष्कर्ष आहे. मग एकच गोष्ट बदला: मोकळीक, किंवा केज, किंवा थेंब-थेंब तेलाची एक नळी. भोवती जाड पत्र्याचं कवच हवंच, तेल गेलेला गिअर तुकड्यांनी बाहेर येतो. फिरत्या गिअरचं तापमान इन्फ्रारेडने घेणार असाल तर चकचकीत पोलादावर रीडिंग खूप कमी येतं. दात्यांपासून दूर, गिअरच्या बाजूच्या तोंडावर उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा पट्टा मारा आणि आधी स्थिर गिअर तापवून थर्मोकपलशी जुळवून घ्या.